आधी रस्ता बुडायला हवा

पनवेलमध्ये मला ओळखणारी माणसं दोन प्रकारची. काही जण 'साहेब' म्हणतात, बाकीचे 'पूरवाले'. मंडईत भेंडी निवडत असलो तरी कोणीतरी मागून विचारतंच, "काय पूरवाले, यंदा काय म्हणतंय पाणी?" जसा काही मी पंचांग घेऊनच फिरतो. मी जन्मभर पुलांसाठी पुराचं पाणी मोजलं. नीट सांगायचं तर न आलेल्या पुराचं पाणी मोजलं. आलेला पूर कोणीही मोजेल हो, भिंतीवरचा चिखल बघितला की झालं. न आलेला मोजायचा तर माणूस पगार देऊन ठेवावा लागतो.

आमच्या धंद्यातला सगळ्यात फसवा शब्द म्हणजे 'शंभर वर्षांचा पूर'. लोकांना वाटतं, एकदा येऊन गेला की पुढची शंभर वर्षं सुट्टी. तसं काही नाही. असा पूर कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच त्याचा अर्थ. गेल्या वर्षी आला म्हणून यंदा येणार नाही, असा नदीने कोणाला शब्द दिलेला नाही. हे मी इतक्या जणांना समजावलं आहे, की मी तोंड उघडलं की हल्ली बायको चहा ठेवायला आत निघून जाते.

बरं, हा शंभर वर्षांचा आकडा काढतात कसा? शंभर वर्षांची मोजमापं तर कोणाकडेच नसतात. नशीब चांगलं असेल तर तीस-पस्तीस वर्षांची मिळतात. त्यातला दरवर्षीचा सगळ्यात मोठा पूर घ्यायचा, त्याचे ठिपके आलेखावर मांडायचे, ठिपक्यांमधून एक रेघ काढायची आणि ठिपके संपले तरी ती रेघ तशीच पुढे ओढत न्यायची. जाळ्यात आलेले जिताडे मासे बघून खाडीतला सगळ्यात मोठा जिताडा केवढा असेल ते सांगायचं, त्यातलाच हा प्रकार. सांगता येतं, पण छातीठोक सांगता येत नाही. म्हणून प्रामाणिक माणूस मधल्या रेघेच्या वर एक आणि खाली एक अशा आणखी दोन रेघा काढतो. खरं उत्तर बहुधा या दोघींच्या मध्ये कुठेतरी आहे, असं त्यातून म्हणायचं असतं. ठिपके आहेत तिथपर्यंत या रेघा एकमेकींना धरून चालतात आणि शंभर वर्षांपाशी पोचेपर्यंत इतक्या फाकतात, की मधून बैलगाडी जाईल.

आता गंमत बघा. अहवालाच्या पहिल्या पानावर जो तक्ता असतो, त्यात पुरासाठी चौकोन एकच. तिथे एकच आकडा बसतो. वरची-खालची रेघ जाते मागे परिशिष्टात, आणि परिशिष्ट उघडणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. मग आकड्याबद्दल कोणाला शंका आलीच, तर आमच्या लोकांकडे एक रामबाण उपाय असतो: "सेफ साइडला घ्या." म्हणजे आकडा वाढवा, पूल उंच करा, भराव उंच करा, रात्री झोप लागेल. या 'सेफ साइड'शी माझं नोकरीभर वाकडं होतं. सेफ, पण कोणासाठी, हे कोणी विचारत नाही.

करंजखारच्या पुलाच्या वेळी ते मी विचारलं, आणि त्यात माझ्या सख्ख्या बहिणीचं घर अडकलं.

करंजखार हे खाडीकाठचं आमच्या आगरी लोकांचं गाव. माझी धाकटी बहीण सुमन तिथे दिली आहे. डोंगराकडून येणारी नदी गावाला वळसा घालून पुढे खाडीला मिळते. पूर्वी नदीवर एक बुटकी फरशी होती, म्हणजे पाण्यालगतचा बसका पूल. पाणी वाढलं की फरशी बुडायची आणि गावाचा पनवेलशी संबंध संपायचा. मग बंदराच्या कामामुळे आसपास कंटेनरची गोदामं झाली, ट्रेलर धावायला लागले, आणि फरशीच्या जागी उंच पूल मंजूर झाला. पुराचा आकडा काढायचं काम माझ्याकडे आलं. बहिणीच्या गावाचं काम म्हणून मी मुद्दाम जास्त चिकटपणे केलं. मधली रेघ ठीक होती. वरची रेघ मात्र अशी उधळली होती, की आलेखाचा कागद वाढवावा लागला.

बैठकीत आमच्या वरिष्ठ मॅडमनी तो आलेख पाहिला. बाई हुशार होत्या, परिशिष्ट न उघडणाऱ्यांतल्या नव्हत्या. म्हणाल्या, एवढी अनिश्चितता असेल तर वरचाच आकडा धरू. पूल उंच आणि पुलापर्यंतचा रस्ताही उंच. टेबलाभोवतीच्या सगळ्यांच्या माना हलल्या. माझी हलली नाही. पूल उंच करा, माझं काही म्हणणं नव्हतं. पण पुलापर्यंतचा रस्ता म्हणजे सखल शेतांवर आडवा घातलेला मातीचा भराव. तो जितका उंच कराल तितकं पाणी अलीकडे तुंबणार, आणि अलीकडे करंजखार. वरच्या रेघेइतका पूर खरोखर आला तर रस्ता कोरडा ठणठणीत राहील आणि गाव बुडेल. भरावाखालून मोऱ्या काढा म्हटलं, त्या थोड्या काढल्या. पण मोऱ्यांमध्ये जलपर्णी आणि प्लास्टिक अडकतं हे शेंबडं पोरही सांगेल.

म्हणून मी म्हणालो, भरावात एक तुकडा मुद्दाम खाली ठेवा. वर काँक्रीट करा, दोन्ही बाजूंना दगड बसवा. पूर मधल्या रेघेइतका असेल तर रस्ता चालू राहील. त्याच्या वर गेला तर आधी हा तुकडा बुडेल, पाणी त्याच्यावरून पलीकडे जाईल, आणि गाव वाचेल. आकडा मला नक्की माहीत नाही, माहीत होणारही नाही. पण आधी काय बुडायचं, ते तर आपल्या हातात आहे.

बैठकीत हशा पिकला. फरशी तोडायला निघालो आणि साहेब पुन्हा फरशीच बांधायला सांगतात, असं एकजण म्हणाला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ही कल्पना कुठल्या पुस्तकातली. मी सांगितलं, पुस्तकातली नाही, माझ्या गावची.

आमच्याकडे खाऱ्या जमिनीत भात पिकवायचा तर खाडीचं पाणी थोपवायला बांध घालावा लागतो. उधाणाच्या भरतीला डोंगराचं पाणी येऊन भेटलं की बांध कुठेतरी फुटणारच. त्याला आमच्यात 'खांड जाणे' म्हणतात. खांड कुठेही गेली तर सगळं गाव उपाशी. म्हणून आमच्या गावची रीत अशी, की बांधाचा एक ठरलेला तुकडा जरा बारीक ठेवायचा. वेळ आली की तो आपणच फोडायचा. ज्याच्या शेतात ते पाणी जाईल त्याचं त्या सालचं भात गेलं. मग प्रत्येक घराने आपल्या कणगीतला वाटा त्याला नेऊन द्यायचा. न देणाऱ्याला पुढच्या साली कोणी बांधावर उभं करत नसे.

मॅडमनी तुकडा मंजूर केला. जागा मात्र मी निवडायची होती, आणि जागा एकच होती. एक जुना नाला त्या भरावाला आडवा जायचा, जमीन आपोआप तिथे खोल होती. नाल्याच्या पलीकडच्या अंगाला माझ्या मेव्हण्याचं, सुमनच्या नवऱ्याचं, जिताड्याचं तळं होतं.

हे सांगायला मी स्वतः गेलो. काशिनाथ भावोजी म्हणजे सरळ, कष्टाळू माणूस. बंदराच्या कामात थोडी जमीन गेली तेव्हा त्याने एक डंपर आणि एक जेसीबी घेतला, पण जीव सगळा तळ्यात. जिताडा वाढायला वर्षं लागतात. रोज सकाळी तळ्यावर गेल्याशिवाय हा माणूस चहा घेत नसे. त्या दिवशी सुमनने कालवण केलं होतं, तांदळाची भाकरी होती. पहिल्या घासालाच मी विषय काढला, कारण जेवून मग सांगणं मला बरं वाटेना. काशिनाथने भाकरी ताटात ठेवली.

"साहेब, आकडा तुमचा चुकनार, आनि पानी आमच्या तलावात?"

त्याचं काही चुकलं नव्हतं.  सुमनने मला विचारलं, पाणी किती येईल. मी म्हटलं, इतकं ते इतकं, यामध्ये कुठेतरी. ती म्हणाली, म्हणजे माहीत नाही. मी म्हटलं, नाही. मग तिने नवऱ्याकडे पाहून आमच्या वडिलांची गोष्ट काढली. एका साली खांड आमच्याच शेतात फोडली होती आणि गावाने आमची कणगी भरून दिली होती. पुढच्या आठवड्यात तिने देवळात बायका-पुरुष जमवून गावाकडून शब्द घेतला: तळं गेलं तर गाव त्यात जिताड्याची नवी पिल्लं आणून सोडेल. काशिनाथने हो म्हटलं, पण तोंड वाकडं करून.

पूल झाला. मी निवृत्त झालो. मध्ये दोन-तीन पावसाळे बरे गेले. अशा वेळी लोक शहाण्यासारखे वागतील अशी अपेक्षा करू नये, हे मी सगळ्यांना सांगत आलो. मी मात्र केली.

मग तो पावसाळा आला. सकाळपासून डोंगराकडे काळंकुट्ट होतं, आणि नेमकी अमावास्येची भरती. उधाण आणि पूर एकत्र येणं हेच आमचं भूत. तोंडाने रामराम म्हणत मी गाडी काढली. बायको म्हणाली, आता कोणाच्या पगारासाठी जाताय?  कोन गावाकडच्या रस्त्यावर पाणी होतं, म्हणून वळसा घेऊन दुपारपर्यंत पुलावर पोचलो. पूल मजेत उभा होता. खाली लाल, जड पाणी, त्यावर कोणाचं तरी छप्पर वाहत चाललेलं. मी पलीकडच्या भरावाकडे पाहिलं.

बुडता तुकडा बुडालेला नव्हता. डावीकडे करंजखारच्या अंगाला पाणी भरावाला टेकलं होतं, आणि तुकड्यावरून एक थेंब पलीकडे जात नव्हता. तो तुकडाच दिसत नव्हता. रस्ता इकडून तिकडे एका पातळीत होता.

तुकड्याच्या जागी जेसीबी उभा होता आणि काशिनाथ त्याच्या बकेटने मुरूम दाबत होता. मी धावत गेलो. या वयात धावलो. जेसीबीपाशी पोचलो तेव्हा काशिनाथच्याच तोंडून सगळं कळलं. उन्हाळ्यात ट्रेलर त्या उतारावर खाली घासत होते. ड्रायव्हर शिव्या घालायचे. मग काशिनाथने गावाच्या भल्यासाठी म्हणून आपल्या डंपरने मुरूम आणून तो खड्डा भरून दिला. लोकांनी नारळ फोडला. नंतर रस्त्याच्या डागडुजीवाल्यांनी त्यावर डांबराचा थर दिला, त्यांना तो खड्डाच वाटला असणार. काशिनाथच्या मनात ट्रेलर होते की तळं, ते त्याचं त्याला माहीत. त्या क्षणी तरी तळंच होतं, कारण तो आणखी मुरूम टाकत होता.

मी रागाने जेसीबीचं दार ओढलं. एवढ्यात सुमनचा फोन आला. पाणी ओटीच्या दुसऱ्या पायरीवर होतं. तिची सासू, म्हणजे काशिनाथची आई, अंथरुणाला खिळलेली. सुमनने तिच्या पलंगाखाली विटा लावल्या होत्या आणि आता विटा संपल्या होत्या. म्हातारीला उचलून देवळात न्यायचं तर वाटेत छातीभर पाणी. मी फोन स्पीकरवर टाकला. काशिनाथने जेसीबी बंद केला. इंजिन थांबल्यावर पाण्याचा आवाज किती मोठा आहे ते कळलं.

सुमन फोनवरून नवऱ्याला एकच गोष्ट म्हणाली: "खांड फोडा."

काशिनाथ खाली उतरला. पावसात त्याच्या तोंडावरचं पाणी कुठलं ते सांगता येत नव्हतं. त्याने आधी तळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, पाऊस जरा कमी वाटतोय. भरतीही आता फिरायला आली असेल. थोडा दम धरला तर दोन्ही वाचतील. आणि खरं सांगतो, त्याचं म्हणणं खुळचट नव्हतं. मीही मनात तेच गणित करत होतो. पाणी चढतंय कसं, भरती फिरणार कधी, डोंगरावरचं पाणी खाली यायचं किती बाकी. तिन्ही अंदाज, आणि तिन्हींना वरची रेघ आणि खालची रेघ. फाकलेल्या.

"साहेब," काशिनाथ म्हणाला, "न फोडता घर वाचंल का नाय? हो का नाय, येवढाच बोला."

आयुष्यभर लोकांनी मला हेच विचारलं होतं, आणि मी त्यांना परिशिष्ट दाखवत आलो होतो. इथे परिशिष्ट नव्हतं. नक्की वाचणार नाही, असं खोटं सांगितलं असतं तर त्याने लगेच फोडलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"माहीत नाही, भावोजी," मी म्हणालो. "वाचेलही. पण चुकून फोडलं तर तळं जाईल, ते पुन्हा भरता येईल. चुकून नाही फोडलं तर तुमची आई जाईल. फोडा."

 तो जेसीबीवर चढला. पाण्याने जेसीबी ओढून नेऊ नये म्हणून त्याने गावाच्या बाजूला मागे सरकत सरकत डांबर उखडलं आणि मुरूम ओरबाडायला सुरुवात केली. मी पुलाच्या बाजूला राहिलो. आमच्यामध्ये पहिल्यांदा पाण्याची एक बारीक धार आली. मग ती हातभर झाली. मग जे व्हायचं ते त्याचं त्याने झालं. पाण्याने उरलेला मुरूम एका धडाक्यात पलीकडे ढकलला, आणि काशिनाथ तिकडे नि मी इकडे, मध्ये नदीच सुरू झाली. खालचं काँक्रीट मात्र जागचं हललं नाही. मला त्या अवस्थेतही त्याचा अभिमान वाटला, आणि लाजही वाटली, कारण तळ्याचा बांध माझ्या डोळ्यांदेखत विरघळत होता. काशिनाथ तिकडे पाहत नव्हता. तो जेसीबीतून उतरून गावाकडे पळत सुटला होता.

मी पुलावर फोन कानाला लावून उभा. सुमनचा श्वास ऐकू येत होता आणि मागे म्हातारीचं कण्हणं. पाणी तिसऱ्या पायरीवर आलं, ती म्हणाली. मी कठडा घट्ट धरला. पाणी ओटीला लागलं, असं ती म्हणाली. नंतर बराच वेळ काही नाही. मी दोनदा 'सुमे, सुमे' केलं. मग ती म्हणाली की पाणी ओटीवर चढलेलं नाही, आहे तिथेच आहे. आणखी काही वेळाने तिसरी पायरी दिसायला लागली. मी रस्त्यावरच बसकण मारली.

आणि मग काय व्हावं? पाऊस थांबला. भरती फिरली. संध्याकाळी पश्चिमेला चक्क लाल आभाळ. रस्ता बंद असल्याने दोन्ही बाजूंना ट्रेलरची रांग लागली आणि एका ड्रायव्हरने मला विचारलं, हा खड्डा कोणत्या गाढवाने ठेवला. मी म्हटलं, मी.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर मी गावात गेलो. काशिनाथ तळ्याच्या काठावर उभा होता. तळं म्हणजे नुसता गाळ. गावातली माणसं मागे घुटमळत होती. काशिनाथने मला विचारलं ते सगळ्यांसमोर विचारलं. पाऊस तर थांबलाच. भरती फिरलीच. मग न फोडता घर वाचलं असतं का?

मी रात्रभर हेच गणित केलं होतं. पाण्याच्या खुणा, भरतीची वेळ, सगळं घालून. उत्तर जिथे हवं तिथेच दोन्ही रेघा फाकत होत्या. म्हणालो, "वाचलंही असतं. मला आजही माहीत नाही."

काशिनाथने मान खाली घातली. मागून सुमन पुढे आली. तिच्या पदराला अजून चिखल होता.

"बरा झाला दादा, माहीत नाय बोललास," ती म्हणाली. "नक्की बोलला असतास, त पुढच्या टायमाला तुजा कोन ऐकला असता?"

गावाने शब्द पाळला. म्हणजे बहुतेकांनी पाळला. घरागणिक पिल्लं आली, बांधाला माणसं आली. काहींनी पुढच्या महिन्यात देतो म्हटलं, त्यांचा पुढचा महिना अजून उगवायचा आहे. माझ्या वाट्याची पिल्लं मी उरणहून आणून सोडली. काशिनाथ माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचा. त्याचं तळं एका 'कदाचित'साठी गेलं होतं. 'नक्की'साठी गेलं असतं तर त्याला सोसलं असतं, हे मला समजत होतं.

यंदा भाऊबीजेला गेलो. ओवाळून झालं, फराळ झाला. हात धुवायला मागच्या दारी आलो, तर तिथे काशिनाथचा डंपर उभा, काठोकाठ मुरूम भरलेला. मी तसाच ओल्या हातांनी उभा राहिलो. रस्त्यावरचा तुकडा पुन्हा कोणी भरू नये म्हणून आता त्याच्या दोन्ही बाजूंना खुणेचे दगडी खांब आहेत, पण डंपरला खांब काय करणार. दिवाळीच्या दिवशी भांडण नको म्हणून मी स्वतःला आवरत होतो, तेवढ्यात काशिनाथ मागे येऊन उभा राहिला. मी मुरुमाकडे बघतोय हे त्याने पाहिलं होतं.

"रस्त्याला नाय," तो म्हणाला. "पोराच्या घराचा जोता भरायचा हाय. देवलाच्या अंगाला, चढावर."

 तो डंपरच्या चाकाला पाठ टेकून उभा राहिला. पुरानंतर पहिल्यांदाच त्याने मला आपणहून काही विचारलं: जोतं किती उंच घेऊ?

मी त्याला एक आकडा सांगितला नाही. भिंतीवर खडूने दोन रेघा काढून दाखवल्या, एक खाली आणि एक तिच्या बरीच वर, आणि म्हटलं, बहुधा यामध्ये कुठेतरी. त्याने दोन्ही रेघा नीट बघितल्या. मग त्याने माझ्या हातातला खडू घेतला आणि वरच्या रेघेच्याही चार बोटं वर स्वतःची एक रेघ मारली.

"ही माजी," तो म्हणाला. "तुमची चुकली तर असू दे."